तार कोणाची?

दुपारचा एक वाजलाय. मी न जेवताच आडवी झालेय. झोपायचं नाहीये, नुसती पाठ टेकायचीय, असं मी स्वतःला बजावतेय. चार वाजता कंपनीत फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत आणि त्यांच्यापुढे मला जबाब द्यायचाय. तेवढ्यासाठी आमच्या एचआरच्या कुलथे साहेबांनी मला आज पहिल्या शिफ्टमधून मोकळं ठेवलंय. "ताई, घरी आराम करा, डोकं शांत ठेवा," म्हणाले. सात वर्षांत या माणसानं मला बस म्हटलं नव्हतं. काल खुर्ची दिली, चहा दिला, आणि टाइप केलेल्या चार ओळी वाचून दाखवल्या. इन्स्पेक्टरना एवढंच सांगायचं. सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मी ठेकेदाराची नाही, कंपनीची कायम कामगार.

चार ओळी अशा. मशीनची दोन्ही बटणं चालू होती. सेफ्टी गार्ड जागेवर होतं. लीलावती पगारे काम करताना शेजारच्या बाईशी बोलत होत्या. अपघात त्यांच्या निष्काळजीपणामुळे झाला.

शेजारची बाई म्हणजे मी.

पत्र्याखाली अंग उकडून निघतंय. पंखा नावाला फिरतोय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात, आणि पंख्याचा आवाज हळूहळू जाड होत जातो. आधी घरघर. मग धप्प. मग तो ओळखीचा आवाज, धाड्, जो कानापेक्षा तळपायाला आधी कळतो. मांडणीवरचे पेले किणकिणतात. मी मनात म्हणते, कंपनी इतकी जवळ कधी आली?

"जवळच असते ती," कोणीतरी म्हणतं. "तूच उशी कानावर घेऊन झोपतेस."

खाटेच्या पायथ्याशी लीलाक्का बसलीय. अंगात निळा एप्रन, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मांडीवर परात आहे आणि ती वाटाण्याच्या शेंगा सोलतेय. दोन्ही हातांनी. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत राहते. पाचही बोटं जागेवर आहेत, अंगठ्याला जुनी चीर आहे तीसुद्धा.

"आक्का, तू गेलीस ना?"

"गेले की. तेवीस दिवस झाले."

"मग?"

"मग काय? उठ. तुझ्याशी बोलायचंय."

तिचा आवाज रागावलेला आहे. मला बरं वाटतं. गेल्या तेवीस दिवसांत सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलतायत, आणि मऊ बोलणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवंय.

लीलाक्का पाच नंबरच्या प्रेसवर होती, मी सहा नंबरच्या. गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या आम्ही ठोकतो. पत्र्याची पट्टी आत सरकवायची, प्रेस खाली येतो, तुकडा कापून वळवून बाहेर. अंबड एमआयडीसीत अशा शंभर शेड असतील. आमच्या शेडमध्ये आम्ही साठ जण, त्यातल्या चाळीस बायका, आणि एकही कायम नाही. लीलाक्का नऊ वर्षं होती. नवरा कधीच वारलेला, मुलगी करुणा नर्सिंगला. मला प्रेस चालवायला तिनंच शिकवलं. पहिल्या दिवशी मी बटणाला हात लावायलाच तयार नव्हते तेव्हा म्हणाली होती, "घाबरू नको. दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय हा राक्षस खाली येत नाही. म्हणजे तो येतो तेव्हा तुझे दोन्ही हात बाहेरच असणार. ज्यानं ही दोन बटणं बसवली त्याला मनातल्या मनात नमस्कार कर."

मी उठून बसते. खाट नाहीये. मी लोखंडी स्टुलावर बसलेय. माझा गॅस, माझी मांडणी, पिण्याच्या पाण्याची कळशी, सगळं दोन प्रेसच्या मध्ये नीट मांडून ठेवलंय, जणू मी तिथंच संसार करते. प्रेस चालू आहेत. प्रत्येकापुढे एक बाई आहे, पण कोणाचाच चेहरा दिसत नाही. सगळ्यांच्या माना खाली.

सुपरवायझर गोराणे हातात टोपली घेऊन फिरतोय. टोपलीत तांब्याच्या तारेचे वीतभर तुकडे. प्रसाद वाटावा तसा तो एकेकीच्या ओंजळीत एकेक तुकडा टाकतोय आणि बायका तो डोळ्यांना लावून घेतायत.

"हे असंच झालं होतं का गं?" लीलाक्का विचारते.

"असंच. फक्त टोपली नव्हती. खिशातून काढले होते."

मोठी ऑर्डर आली होती. गोराणे म्हणाला, दोन-दोन बटणं दाबत बसलात तर टार्गेट कधी होणार? एक बटण तारेनं दाबून बांधून टाका. म्हणजे एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पट्टी. काम दीडपट पळतं. आम्ही बांधली. कोणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. एकट्या लीलाक्कानं तार जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "हे मी करणार नाही. लेखी द्या, मग बघू."

गोराणे तिला काहीच बोलला नाही. तो आम्हाला बोलला. पाच नंबरचं टार्गेट पूर्ण होईपर्यंत कोणीही घरी जायचं नाही, असं त्यानं शिट्टी वाजवून सांगितलं. त्या संध्याकाळी आम्ही चाळीस बायका सव्वा तास उभ्या राहिलो. घरी पोरं वाट बघत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि आम्ही कोणाला शिव्या दिल्या? गोराणेला? नाही. लीलाक्काला. मनातल्या मनात मीसुद्धा.

"मनातल्या मनात कशाला," लीलाक्का म्हणते. "तुझ्या तोंडावर दिसत होत्या."

"आक्का, मला तुला एक सांगायचंय."

"सांग."

प्रेसचे आवाज वाढतात. मी बोलते पण मला माझंच ऐकू येत नाही. लीलाक्का हातानं खूण करते आणि सगळे प्रेस अर्ध्यावर थांबतात, वर लटकलेले, जबडे उघडे ठेवून.

"तिसऱ्या दिवशी सकाळी तू बाथरूमला गेली होतीस," मी म्हणते. "गोराणे माझ्याकडे आला. म्हणाला, पाच नंबरचं तू बांध, तुझं ती ऐकते. मी बांधलं, आक्का. तुझं बटण मी बांधलं."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, करुणाला नाही. पोलिस आले होते तेव्हा त्यांना नाही.

लीलाक्का एक शेंग उचलते, दाबते, दाणे परातीत पाडते.

"मला ठाऊक होतं," ती म्हणते. "गाठ बघूनच कळलं. गोराणेला गाठ मारता येते का? त्याच्या पायात बिनलेसचे बूट असतात."

मला हसू येतं आणि त्याच वेळी रडू येतं.

"मग तू सोडली का नाहीस? बसलीस का?"

"सोडणार होते. हात घातला होता. तेवढ्यात हा मागून ओरडला, 'बाई, तुझ्या एकटीमुळं सगळ्यांची घरं खोळंबतात.' मी मान वर करून बघितलं. म्हटलं, कोणीतरी म्हणेल, नाही साहेब, तिच्यामुळं नाही, तुमच्यामुळं. एकोणचाळीस जणी होत्या, जोसना. एकीनं तरी वर बघावं! सगळ्यांच्या माना खाली. मग मी बसले. म्हटलं, आजचा दिवस."

अकरा वाजले होते तेव्हा. तिनं उजव्या हातानं पट्टी आत सरकवली, आणि प्रेस एकदा यायचा तो दोनदा आला. जुनी मशीन, कधीकधी दोनदा येते. आम्ही कितीदा तक्रार केली होती. दोन्ही बटणांवर हात असते तर दोनदा आला काय आणि दहादा आला काय.

आणि त्यानंतर जे झालं ते मी रोज बघते, डोळे उघडे असतानासुद्धा. गोराणे धावत आला. त्यानं आधी काय केलं? आधी त्यानं पक्कड काढली आणि बटणाची तार तोडली. तार खिशात टाकली. मग ओरडला, गाडी बोलवा.

गाडी लगेच आली नाही. लीलाक्काला फर्स्ट एडच्या खोलीत चाळीस मिनिटं ठेवलं, कारण ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात न्यायचं तर तिचं कार्ड हवं आणि कार्ड काढलेलंच नव्हतं. नऊ वर्षं! कुलथे ठेकेदाराला फोन करत होते, ठेकेदार म्हणत होता तुम्ही बघा, कुलथे म्हणत होते बाई तुमच्या. मी तिचा हात ओढणीत गुंडाळून उंच धरून उभी होते. ओढणी गच्च झाली, माझ्या कोपरापर्यंत ओघळ आले आणि ते दोघं फोनवर ठरवत होते की ही बाई कोणाची. शेवटी एका छोट्या खासगी दवाखान्यात नेलं, तिथं सर्जन नव्हता. तिथून सिव्हिलला. संध्याकाळी ती गेली. तिचं कार्ड दुसऱ्या दिवशी निघालं.

"चल," लीलाक्का म्हणते. "इथं बसून काय होणार?"

आम्ही शेडच्या दारातून बाहेर पडतो आणि बाहेर माझ्या गावची शाळा आहे. चौथीचा वर्ग. शेणानं सारवलेली जमीन, फळ्यावर तारीख. पण फळ्याच्या वर पाटी आहे, कामगार उपायुक्त कार्यालय. टेबलामागं एक कारकून डबा खातोय. समोर दोन मोठ्या खुर्च्या. एकीवर कुलथे बसलेत, पायावर पाय टाकून. दुसरीवर कोणी नाही, नुसता एक सरकारी शिक्का ठेवलाय. आणि समोरच्या बाजूला लांबच लांब बाकडं.

"बस," लीलाक्का सांगते.

मी बाकड्याच्या एका टोकाला बसते. दुसरं टोक झर्रकन वर उचललं जातं आणि मी खाली पडते. कुलथे हसत नाहीत. ते माझ्याकडे काळजीनं बघतात. "लागलं का ताई? जपून बसा. निष्काळजीपणा करू नका."

मी उठते, पुन्हा बसते, पुन्हा पडते. गुडघ्याला माती लागते.

"हे मोडकं आहे, आक्का."

"मोडकं नाही. एकटीसाठी केलेलं नाही," लीलाक्का म्हणते. "मी तुला कँटीनमागं सांगत होते ते हेच. आठवतं?"

आठवतं. दिवाळीच्या आधी ती सलग तीन रविवार कुठंतरी जात होती. एका जुन्या कंपनीच्या युनियनच्या ऑफिसात, असं मला नंतर कळलं. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराकडून तिनं सगळं वहीत उतरवून आणलं होतं. कँटीनच्या मागं, भांडी घासायच्या नळाजवळ, ती मला समजावत होती. सात जणांनी सह्या केल्या की युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. हा कायदा आहे, कोणाची मेहरबानी नाही. नोंदणी झाली की मागण्यांचं पत्र द्यायचं. मालकानं बोलायला नकार दिला तर सरकारी अधिकाऱ्याकडे जायचं, तो दोघांना समोरासमोर बसवतो. संप ही सगळ्यात शेवटची गोष्ट, तीसुद्धा नोटीस देऊन. "लोकांना वाटतं युनियन म्हणजे दगडफेक," ती म्हणाली होती. "अगं, युनियन म्हणजे बोलायला बसणं. पण असं बसणं, की समोरच्याला उठून जाता येणार नाही."

"तू मला काय उत्तर दिलंस?" ती आता विचारते.

"मी म्हणाले, माझी पोरं लहान आहेत."

"आणि?"

"आणि मी म्हणाले, साहेब म्हणतात आपण एक कुटुंब आहोत. युनियन कशाला?"

लीलाक्का इतक्या जोरात परात आपटते की वाटाणे वर्गभर उडतात. माझ्याकडे कधी असा चेहरा करून तिनं बघितलं नव्हतं.

"कुटुंब! कोणत्या कुटुंबात कामाला लागताना कोऱ्या कागदावर सह्या घेतात गं? तुझ्या घेतल्या ना? दोन कागद, खाली नाव, वर काही नाही. माझ्याही घेतल्या. तुझा नवरा तुला भाकरी वाढायला लावतो आणि आधी कोऱ्या कागदावर सही घेतो का? कुटुंबातली बाई पडली तर आधी दवाखाना बघतात की आधी ती कोणाची ते ठरवतात? मला नोकर म्हटलं असतं तरी चाललं असतं. नोकराला निदान मालक असतो. मला नऊ वर्षांत कोणी मालकच नव्हता!"

सहा सह्या तिच्याकडे होत्या. सातवी माझी हवी होती. मी नाही म्हणाले. ती दुसरी कोणी शोधत होती, तोवर ऑर्डर आली, तार आली.

कारकून डब्याचं झाकण लावतो. कुलथे घसा साफ करतात आणि एक कागद उचलतात. तो कागद मी ओळखते. करुणानं मला दाखवला होता. आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी, घरात माणसं बसलेली असताना, पोस्टमननं तो रजिस्टरनं आणून दिला. करुणानं सही करून घेतला आणि माझ्याजवळ येऊन विचारलं, "मावशी, हे आईला आलंय. याचं काय करायचं?"

कुलथे वाचतात. "श्रीमती लीलावती पगारे. आपण गेल्या दहा दिवसांपासून कोणतीही पूर्वपरवानगी न घेता कामावर गैरहजर आहात. सदर वर्तन शिस्तभंगाचे असून, अठ्ठेचाळीस तासांच्या आत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपल्याला काहीही म्हणणे मांडायचे नाही असे गृहीत धरले जाईल."

शब्दन् शब्द तोच. मी पाठ केला नव्हता, पण तोही पाठ झालाय.

लीलाक्का एप्रनचा बंद आवळते आणि टेबलापुढे जाऊन उभी राहते.

"घ्या लिहून खुलासा," ती कारकुनाला म्हणते. तो खरंच पेन उघडतो. "मी गैरहजर राहिले, कारण मी मेले. पूर्वपरवानगी घेतली नाही, कारण मरायची परवानगी कंपनीकडे मागायची की ठेकेदाराकडे ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मेल्यावर मला घरी नेलं, कामावर नाही, ही चूक माझ्या मुलीची. पुढच्या वेळी मी अर्ज देऊन मरेन."

"पगारेबाई, भाषा," कुलथे म्हणतात.

"भाषा तुमचीच आहे साहेब. मी फक्त उत्तर दिलं."

मला वाटतं ती आता त्यांच्या अंगावर जाईल. पण ती वळते आणि माझ्याकडे बोट दाखवते. तेच बोट, जे तेव्हा नव्हतं उरलं.

"हिला विचारा. ही शेजारी होती."

सगळे माझ्याकडे बघतात. कुलथे, कारकून, शिक्का ठेवलेली खुर्चीसुद्धा. फळ्यावर आता तारीख नाही, त्या चार ओळी आहेत, खडूनं, सुंदर अक्षरात. माझ्या हातात छडी आहे. मला त्या वाचून दाखवायच्या आहेत. लहानपणी वाचायचे तसं मोठ्यानं, छडी शब्दावर ठेवून.

"मशीनची," मी वाचते. "दोन्ही. बटणं."

मी छडी खाली ठेवते.

"आक्का, मी खरं सांगितलं तर काय होईल तुला माहितेय? मीच बांधलं होतं. मला आत टाकतील. करुणा माझ्या तोंडावर थुंकेल."

"थुंकेल कदाचित," लीलाक्का म्हणते. "मी काही तुला माफ करायला आलेले नाही. माफी मोठ्या माणसांनी द्यायची असते, मी प्रेसवरची बाई. मी एकच विचारायला आलेय. गाठ तू मारलीस. कबूल. तार कोणाची?"

"म्हणजे?"

"तार कोणाची होती? तू घरून आणली होतीस?"

"नाही. गोराणेनं दिली."

"गोराणेनं त्याच्या घरून आणली?"

वर्गात एकदम गारवा आल्यासारखा वाटतो.

"स्टोअरमधून," मी म्हणते.

"आपल्या स्टोअरमधून हातमोजा मागायचा तर काय करावं लागतं?"

"चिठ्ठी."

"चिठ्ठीवर?"

"सही. आणि मग रजिस्टरला नोंद. काय दिलं, कोणाला दिलं, कशासाठी दिलं."

"चाळीस मशीनना पुरेल एवढी तार," लीलाक्का हळू म्हणते. पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होतो. "गोराणेनं माझ्या बटणावरची तोडली, खिशात टाकली. पण रजिस्टर खिशात मावत नाही, जोसना. आणि मी मेले त्यानंतर दुसऱ्या दिवशी बाकीच्या एकोणचाळीस तारा कोणाच्या हुकुमानं काढल्या? सगळ्याजणींनी आपापल्या हातानं सोडल्या ना? म्हणजे एकोणचाळीस जणींना माहितेय. तुला वाटतं तू एकटी साक्षीदार आहेस. त्यांना तू तशीच हवीस, एकटी."

मी बाकड्याकडे बघते. बाकड्यावर बायका बसायला लागल्यात. सुमन, अनिता, रझियाबी, दोन नंबरवरची ती मुकी राहणारी पोरगी, जिचं नाव मी सात वर्षांत विचारलं नाही. एकेक बसते तसं बाकडं जमिनीला घट्ट बसतं. अजूनही त्यांच्या माना खाली आहेत.

"वर बघायला सांग त्यांना," लीलाक्का म्हणते.

"मी?"

"मग कोण? मला ऐकू जात नाही त्यांना."

वर्गाच्या भिंती नाहीत आता. आम्ही कंपनीच्या गेटवर आहोत. ऊन रणरणतंय. गेट बंद आहे, आतून प्रेस चालू झालेत, सगळे एकदम, धाड् धाड् धाड्, आणि कोणी बाई आत नाहीये, तरी ते चालू आहेत. बायका गेटसमोर उभ्या आहेत, पाठमोऱ्या. मी तोंड उघडते. आवाज येत नाही. मी पुन्हा प्रयत्न करते. मला लीलाक्काची चाळीस मिनिटं आठवतात. ओढणी आठवते. कुलथेंचा चहा आठवतो, त्यात दोन चमचे साखर होती आणि मी तो प्यायले होते, मुकाट्यानं प्यायले होते, बशीसुद्धा पुसून ठेवली होती.

"तार कोणाची?"

एवढासाच आवाज. कोणी वळत नाही.

"तार कोणाची?"

रझियाबीची मान हलते.

"तार कोणाची?" मी ओरडते, माझ्या दोन बाळंतपणांत ओरडले नव्हते तशी ओरडते. दोन नंबरवरची ती मुलगी वर बघते, आणि तिला चेहरा आहे, सावळा, हनुवटीवर गोंदण, आणि ती म्हणते, "कंपनीची!"

"गाठ मारायला कोणी लावली?"

"कंपनीनं!"

"तार कोणाची?"

"कंपनीची!"

मी थांबत नाही. ऊन, धूळ, गेटचे गज, सगळं थरथरतंय. आतले प्रेस एकेक करून बंद पडतायत, आमच्या ओरडण्यात त्यांचा ताल चुकतोय. मी लीलाक्काला शोधायला मागं वळते. ती बायकांच्या पार मागं उभी आहे, रस्त्याच्या कडेला, एप्रन काढून घडी घालतेय. मला तिला हाक मारायचीय. विचारायचंय, दुखलं का गं फार? पण माझ्या तोंडून तेच येतंय, तार कोणाची, तार कोणाची, आणि ती मान डोलावते, घडी काखेत मारते आणि शिफ्ट सुटल्यावर चालायची तशी, पाय थोडा ओढत, चालायला लागते.

दारावर कोणीतरी थापा मारतंय.

मी डोळे उघडते. पत्रा, पंखा, मांडणी. अंग घामानं निथळतंय. घड्याळात तीनला पाच कमी आहेत.

"जोसना! अगं जोसना, दार उघड!"

शेजारच्या बोरसेकाकू आहेत. आमच्यामध्ये एकच पत्रा आहे, त्यांच्याकडे फोडणी पडली तर मला शिंक येते. मी कडी काढते. काकूंच्या हाताला पीठ लागलंय, तशाच धावत आल्यात.

"काय झालं? कोण आलंय घरात? केव्हापासून ओरडतेयस! मला वाटलं कोणी मारतंय का काय. कोणाशी भांडत होतीस?"

कोणाशी नाही, असं म्हणायला मी तोंड उघडते आणि नुसती हवा बाहेर येते. घसा पार बसलाय. आत सोलून काढल्यासारखं जळतंय. सकाळी नीट होता. मुलांना हाका मारून शाळेत पाठवलं, तेव्हा नीट होता. मी गळ्यावर हात ठेवते. पुन्हा प्रयत्न करते तेव्हा जो आवाज निघतो तो फाटका, खरखरीत, माझ्या ओळखीचाच नाही.

"अगंबाई!" काकू म्हणतात. "हे काय करून घेतलंस? थांब, गरम पाण्यात मीठ घालून आणते. बोलू नको आता. अजिबात बोलू नको."

त्या वळतात. मी त्यांचा हात धरते.

"काकू."

"अगं, नको बोलू म्हणते ना."

"काकू, आमच्या आक्काच्या मशीनचं बटण मी बांधलं होतं. तारेनं. कंपनीनं तार दिली होती."

काकू थांबतात. माझ्या ओठांकडे बघतात. डोळे बारीक करतात.

"काय म्हणालीस? काही कळलं नाही बघ. काय बांधलं होतं?"

मी दाराची चौकट धरते, घोटभर थुंकी गिळते. तिची कळ कानापर्यंत जाते. बोळात दोन बायका कपडे वाळत घालता घालता थांबल्यात आणि आमच्याकडे बघतायत.

मी पुन्हा सांगते. या वेळी त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.